टेकडीवरचं एकच झाड

डोक्यावरून गेलेल्या गवतातून मार्ला पुढे चालली होती, जागोजागी थांबून फोटो काढत होती. मागून आर्डिथ येत होती. तिचे गुडघे दुखत होते, पण आज तिची कशाबद्दलच तक्रार नव्हती. नवरा, व्हर्लिन, गेल्यावर तिनं ही कुरणं राखीव माळासाठी देऊन टाकली होती. सप्टेंबरात तांबूस झालेलं गवत आणि उतारावर चरणारे बायसन बघून आपण बरं केलं, असं तिला वाटलं.

टेकडीच्या माथ्यावर मार्ला थांबली. "आई, बघ."

कमरेइतकं सीडरचं झाड. बुंध्याशी पितळी पाटी: 'बाबांसाठी.'

"मीच लावलं, गुपचूप. बारा महिने हिरवं राहतं. इथे बाबांना सावलीच नव्हती गं."

आर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या टेकड्यांवर दर वसंतात सगळे मिळून गवत पेटवतात, ते झाडांनी पाय रोवू नयेत म्हणूनच ना? सीडर वाढलं की खालचं गवत मरतं, आणि पाखरं त्याच्या बिया माळभर नेतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण शहरात राहिलं की माणूस विसरतो म्हणे.

"सावली? तुझ्या बापानं जन्मात कधी सावली मागितली?"

"एकच तर झाड आहे."

"पहिलं एकच असतं."

"माझं कधी काही पसंत पडलंय का तुला?"

"तुझे बाबा गेले तेव्हा काय करत होते?"

"कुंपणापाशी काम. तूच फोनवर सांगितलंस."

"कसलं काम?"

मार्लानं खांदे उडवले.

"सीडर तोडत होते. करवत बुंध्यातच अडकली होती. मी सोडवून आणली." आर्डिथनं जाकिटातून घडीची करवत काढली. "ही तीच."

मार्लाचा चेहरा उतरला. "सांगायचं होतंस की."

"तू विचारायचं होतंस."

झाड कापायला आर्डिथ खाली बसायला गेली, पण गुडघे वाकेनात. पुन्हा प्रयत्न केला, तरी जमेना. तिला रडू फुटेल इतका स्वतःच्या पायांचा राग आला. मार्लानं तिच्या हातातून करवत घेतली, पाटी उपटून खिशात टाकली आणि मातीत गुडघे टेकले.

"खालच्या फांदीच्याही खालून काप," आर्डिथ खेकसली. "हिरवं काही मागे ठेवू नकोस, पुन्हा फुटतं."

मार्ला रडत रडत कापत होती. करवत मध्येच अडली.

"दाबू नकोस. ओढताना जोर लाव."

"बाबा असंच करायचे?"

"हो," आर्डिथ म्हणाली. राग अजून गेला नव्हता. तिनं झाडाचा शेंडा धरून वाकवला, म्हणजे पोरीची करवत अडकणार नाही.