नवऱ्याच्या नावाचा रकाना

चूक कोणाची, हे मला कोणी विचारलंच न्हाई. विचारलं ते एकदाच, अन् तेव्हा मी काय बोललो ते सांगतो.

आबासाहेब डॉक्टरांच्या जिंतूरच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. नव्वद साली डॉक्टरांनी हौसेनं कॉम्प्युटर आणला अन् मला त्याच्यापुढं बसवलं. पेशंटचं नाव, गाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव टाकलं की आधीची औषधं, कोणाला काय सोसत न्हाई, सगळं कागदावर छापून यायचं. आता बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, पदर तोंडाला लावून उभ्या राहतात. पण तिथं मला घरन् घर ठाऊक. मीच नाव टाकून मोकळा व्हायचो.

दोन वर्षांनी डॉक्टर परभणीच्या एका शंभर खाटांच्या दवाखान्याचे मुख्य झाले. आपलंच सगळं तिथं बसव म्हणाले. मी बी लय फुशारलो.

तिथली रांग पार रस्त्यापर्यंत. प्रत्येक बाई त्या एका रकान्यापाशी अडायची. नाव सांगायला शेजारीण हुडकायची, तोवर मागचे बोंबलायचे. माझं डोकं लवकर तापतं. चौथ्या दिवशी मी तो रकानाच काढून टाकला. नाव-गाव टाकलं की पहिला सापडेल तो कागद निघायचा. रांग झपाझप सरकायला लागली. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मेल्या बन्सी, तेव्हा तरी इचार करायचा! नकोशा पोरीचं नाव आमच्याकडं कडूबाई ठेवतात, एकेका गावात चार-चार निघतात. माझी सख्खी मावशी कडूबाई. तरी मला सुचलं न्हाई.

दिवाळीनंतर राणीसावरगावची एक कडूबाई आली. पाय सुजलेला, दोन दिवसांनी ऊसतोडीला निघायचं होतं. मी कागद काढून दिला. ती तिथंच थांबली.

"भाऊ, मला ती सुई सोसत न्हाई. मागच्या खेपेला लिवलंय तुमच्या लोकांनी. तेवढं बघा."

मी खेकसलो. कॉम्प्युटरला सगळं ठाऊक हाय, तू सरक पुढं, म्हणलं. ती सरकली. शिकलेल्या माणसानं सांगितल्यावर ती काय करणार?

कागद दुसऱ्या कडूबाईचा होता. पेनिसिलीन चालू, त्रास न्हाई, असं त्यावर छापलेलं. दैवशाला सिस्टरनं ते वाचलं अन् आधी थोडं टोचून बघायचं ते न बघताच सुई दिली. पाच मिनिटांत बाईचा श्वास कोंडला. डॉक्टर धावले, औषधं दिली, काही उपेग झाला न्हाई. तिचा नवरा बाहेर बिऱ्हाडाचं गाठोडं घेऊन बसला होता.

चौकशी झाली. कागद कसा निघाला ते कोणी बघितलंच न्हाई, छापलेल्या कागदावर कोणाला शंका येते? सगळ्यांनी एकच धरलं, सिस्टरनं टोचून बघायला पाहिजे होतं. तिला कामावरून कमी केलं. त्याच दुपारी मी तो रकाना गुपचूप परत घातला. आता डॉक्टर मला दुसऱ्या दवाखान्यांत पाठवायलेत, हेच बसवायला.

काम सोडून जायच्या दिवशी दैवशाला माझ्या खिडकीपाशी आली होती. डोळे सुजलेले. चार दिवस झोप न्हाई म्हणाली.

"बन्सीभाऊ, एकच सांगा. ती बाई सुईचं काही बोलली होती का तुमच्याजवळ? बोलली असंल तर मला वाटंल, माझ्या एकटीच्या हातून न्हाई गेली."

माझ्या तोंडात आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. पण मागं रांग होती, अन् डॉक्टर दारात उभे होते.

"न्हाई बोलली," मी म्हणलं.

तिनं मान हलवली. "मग माझंच चुकलं," म्हणाली, अन् मला नमस्कार करून गेली.