त्रास झालाच न्हाई

रत्नम्मानं तक्रार लिहिली ती नवऱ्यासाठी, आणि नवऱ्याला न विचारता.

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये दोघंही कामाला होते. ती डाळ निवडायची, धोंडप्पा हमालांच्या टोळीत पोती उचलायचा. उदगीरकडून इथं आल्याला बावीस वर्षं झाली होती. कामगार संघटनेची निवडणूक लागली तेव्हा निवडणाऱ्या बायांनी आग्रह धरला, म्हणून रत्नम्मानं चिटणीसपदाला फॉर्म भरला. त्या जागेवर आजवर बाई कधी उभी राहिली नव्हती. ती आधी तीनदा नको म्हणाली होती. धोंडप्पानंच समजूत घालून तिला संघटनेच्या कचेरीत नेलं होतं.

हमालाचे कपडे धुताना पहिलं पाणी तुरीच्या धुळीनं पिवळं निघतं. फॉर्म भरून आठवडा झाला आणि रत्नम्माच्या लक्षात आलं, की हल्ली धोंडप्पाच्या सदऱ्याचं पाणी नितळ निघतंय.

"काम हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय की. लई हाय," तो म्हणाला आणि डबा उचलून निघाला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच ती गोदामामागं गेली. टोळी ट्रक भरत होती. दहा पावलांवर धोंडप्पा कडुलिंबाखाली एकटाच बसला होता, हात मांडीवर ठेवून. कुणी त्याला हाक मारत नव्हतं. झाडलोट करणाऱ्या पुनमनं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. संघटनेचे अध्यक्ष व्यंकटराव याही वेळी उभे होते. त्यांचा निरोप होता, बायको फॉर्म मागं घेत न्हाई तोवर धोंडप्पाला पोतं द्यायचं न्हाई. दोनदा त्याला गेटवर अडवून दमही दिला होता.

रत्नम्मा धोंडप्पाशी काही बोलली नाही. तिनं तक्रारीचा अर्ज लिहिला आणि पंचशीलाताईंकडे दिला. पंचशीलाताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. दोन्ही पॅनेलनी मिळून त्यांना निवडणूक अधिकारी नेमलं होतं. त्यांनी रविवारी सगळ्यांना कचेरीत बोलावलं.

"धोंडप्पा, तुम्हाला कुणी त्रास दिला का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई," धोंडप्पा म्हणाला.

"मग नऊ दिवस पोतं का उचललं नाही?"

"पाठ दुखायली होती."

व्यंकटराव खुर्चीत मागं रेलले. टोळीचा मुकादम बसलिंगप्पा खाली बघत राहिला. ताईंनी त्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"आता सांगा."

धोंडप्पा म्हणाला, "ताई, मी सांगितलं असतं तर हिनं फॉर्म मागं घेतला असता. माझ्यापायी. मला ठाऊक हाय ही. भाकरी थापता थापता भाषण पाठ करायलीय रोज. मी पलीकडं बसून ऐकतो. चांगलं बोलती. ते बंद पडलं असतं."

रत्नम्मा घरच्या कानडीत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?" ताईंनी विचारलं.

"येडा म्हणाली मला," धोंडप्पा म्हणाला.

"फॉर्म मागं घ्यायचा असता तर तक्रार कशाला लिहिली असती?" रत्नम्मा त्याच्याकडे वळली. "नऊ दिवस एकटं बसलाव झाडाखाली. मला सांगायचं न्हाई व्हय?"

मग ताईंनी बसलिंगप्पाला एकट्याला आत घेतलं आणि टोळीची हजेरीवही पुढं ठेवली. धोंडप्पाच्या नावापुढं नऊ दिवस आडव्या रेघा होत्या, बसलिंगप्पाच्याच हातच्या. त्याला फार विचारावं लागलं नाही.

"माझा सोबती हाय तो, ताई. रेघ मारताना बरं वाटत नव्हतं. पण अध्यक्षानं सांगितलं, मी ऐकलं."

शेवटी व्यंकटराव आले. "मी एवढंच म्हणलो की जरा समजावून सांगा."

"समजावायला हातातलं काम कशाला काढून घ्यावं लागतं?" ताई म्हणाल्या.

व्यंकटरावांची उमेदवारी रद्द करता येत होती. ताईंनी रत्नम्माला तिचं म्हणणं विचारलं.

"त्यांचं नाव काढू नगा," रत्नम्मा म्हणाली. "न्हाईतर लोक म्हणतील, बाई मतावर न्हाई, तक्रारीवर निवडून आली. पण जे केलं ते गेटवर सगळ्यांसमोर सांगावं त्यांनी."

ताईंनी तसाच निकाल लिहिला. धोंडप्पाला उद्यापासून टोळीत घ्यायचं, बुडालेली मजुरी व्यंकटरावांनी भरून द्यायची, आणि मतदानापर्यंत कुठल्याच उमेदवाराच्या घरच्यांना कुणी काही सांगायला जायचं नाही.

सोमवारी सकाळी गेटवर व्यंकटरावांनी निकाल वाचला. पहिल्यांदा इतका हळू, की मागच्या बाया म्हणाल्या, ऐकू येईना. त्यांनी पुन्हा वाचला. मग कागदाची घडी घातली आणि धोंडप्पाकडे बघून म्हणाले, "चुकलं माझं." हे वाक्य निकालात नव्हतं.

पहिलं पोतं बसलिंगप्पानं स्वतः उचलून धोंडप्पाच्या पाठीवर दिलं. नऊ दिवसांच्या विश्रांतीनंतर चौथ्या पोत्याला धोंडप्पाची पाठ खरोखरच धरली. सगळी टोळी हसली, आणि तोही हसला.

पंधरा दिवसांनी मतदान झालं. रत्नम्मा सतरा मतांनी निवडून आली. व्यंकटरावही आले, पण जेमतेम. दोघांना आता तीन वर्षं एका टेबलाशी बसायचं होतं.

पहिली बैठक दोन तास चालली. उमेदवाराच्या घरच्यांना त्रास दिला तर काय करायचं, याचा नियम रत्नम्मानं मांडला. व्यंकटरावांनी त्यातले दोन शब्द बदलायला लावले आणि नियमाच्या बाजूनं हात वर केला. धोंडप्पा बाहेर पायरीवर बसून होता. ती आली तसा तो उठला.

"कसं झालं?"

"व्यंकटराव लई बोलतेत."

"आन तू?"

"मी बी," रत्नम्मा म्हणाली. "चला, भूक लागलीय."