अंगालगतचा थर

विक्रमनं हिमालयात न्यायचे कपडे पलंगावर तीन ढिगांत मांडले होते. अंगालगत घालायचे, घाम बाहेर टाकणारे; त्यावर ऊब धरणारे; आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारे. माझा थोरला मुलगा ऋषी चार वर्षांपूर्वी त्याच डोंगरात थंडीनं गेला. धाकट्यानं जाऊ नये म्हणून मी महिनाभर भांडलो आणि हरलो.

पोरांची आई चारुशीला आत आली आणि तिनं पहिल्या ढिगावर सहा सुती बनियन ठेवले.

"अंगाले सुती तं पाहिजेच. अख्खा जन्म नागपुरात गेला, आपण दुसरं काही घातलं का?"

"उचल ते!" मी ओरडलो.

"काहून?"

काहून, ते मला ऋषीला खाली आणणाऱ्या वाटाड्यानं सांगितलं होतं. महागडं जाकीट कोरडं होतं. आतला सुती बनियन चढणीच्या घामानं चिंब झाला, पोरगं थांबल्यावर अंगावरच गार पडला आणि त्यानंच सगळी ऊब ओढून घेतली. हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. विक्रम मात्र खाली मान घालून उभा होता. इतके कपडे पारखून घेणाऱ्याला ते कळलंच असणार.

चारुशीलानं बनियन मांडीवर घेतले आणि घातलेल्या घड्या पुन्हा घालत बसली.

"ऋषीले बी मी सहाच दिले होते," ती म्हणाली. "घातले होते का जी त्यानं?"

"नाही," मी म्हणालो. "एकही नाही. त्यानं तुझं कधी ऐकलं होतं?"