निळा दिवा

सिस्टीमसाहेबांच्या आईच्या उजव्या डोळ्यातला डाग वाढतोय की आहे तेवढाच आहे, हे गुरुवारी ठरायचं होतं. त्यावर डोळ्यात सुई द्यायची की नाही हे अवलंबून होतं, आणि ताडून बघायला डोळ्याचे गेल्या दोन वर्षांचे फोटो हवे होते. मंगळवारी दवाखान्याच्या मुख्य संगणकाची डिस्क बसली आणि आतले सगळे फोटो गेले.

सिस्टीमसाहेब मात्र गालातल्या गालात हसले. दवाखान्याच्या संगणकांची सगळी यंत्रणा त्यांच्या हातची, आणि त्यांची आई तिथलीच पेशंट. "दुसऱ्या डिस्कवर रोज प्रत जाते," ते डॉक्टरांना म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर."

ही दुसरी डिस्क म्हणजे त्यांचं लाडकं बाळ. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा त्यांनी ती सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं जोडली होती. तेव्हापासून तिचा निळा दिवा टेबलावर लुकलुकत होता आणि रोज सकाळी 'प्रत यशस्वी' असा कागद छापून निघत होता. साहेब त्यावर सही करायचे. वाचायचे की नाही, ते देव जाणे.

फोटो काढणाऱ्या ताईंनी एकदा टोकलं होतं. "साहेब, मुख्य डिस्क फार लवकर भरतेय. मी काढते त्याच्या दुप्पट."

"ताई, तुम्ही डोळे बघा. डिस्क मी बघतो."

"पण प्रत खरंच दुसरीकडे जाते ना?"

"अहो, फोल्डर दिसतोय, दिवा लागलाय. आणखी काय हवं?"

बुधवारी साहेबांनी डिस्क नव्या संगणकाला लावून उघडली. आत चौदा फोटो. सगळे पहिल्या दिवसाचे, त्यातही तीन हललेले.

घाम फुटल्यावर डोकं चालायला लागलं. संगणकात प्रतीसाठी एक रिकामा फोल्डर होता; नुसती वायर लावून भागत नव्हतं, आज्ञा देऊन डिस्क त्या फोल्डरला जोडावी लागायची. जोडली, की फोल्डरात टाकलेलं डिस्कवर जातं. नाही जोडली तरी फोल्डर असतोच, फक्त टाकलेलं मुख्य डिस्कवरच पडतं. संगणक सुरू होताना आपण होऊन डिस्क जोडावी म्हणून एक ओळ लिहून ठेवायची असते. ती लिहायला साहेब विसरले होते. दुसऱ्याच दिवशी वीज गेली, संगणक पुन्हा सुरू झाला, डिस्क काही जोडली गेली नाही, आणि दिव्याला काय, तो नुसत्या विजेवरही लागतो. तीन वर्षं मूळ आणि प्रत एकाच डिस्कवर सुखानं नांदली आणि एकदमच गेली. कुठे काय जोडलंय याची चोख यादी संगणक ठेवत होता. विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं, पण स्वतःहून चुगली करायची त्याला सवय नव्हती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

गुरुवारी डॉक्टरांनी नवा फोटो पडद्यावर लावला. शेजारची चौकट रिकामी होती.

"जुना नाही, तर वाढलाय कसं म्हणू?" डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी परत काढू, मग सुईचं बघू."

साहेब दाराशी उभे होते. 'तांत्रिक अडचण' हे दोन शब्द त्यांनी तोंडात तयार ठेवले होते.

"मला विचारा ना," आई म्हणाली. "मागच्या वर्षी याच खुर्चीतून मला पोराचं तोंड दिसत होतं. आता नुसता शर्ट दिसतो."

साहेबांनी मान खाली घातली. तेही तिला दिसलं नाही.