बाराव्या मिनिटाला अडणारा कॉम्प्युटर

व्हायरसची तपासणी सुरू केली की रय्याचा कॉम्प्युटर बाराव्या मिनिटाला अडून बसायचा. कधी अकराव्या, कधी तेराव्या, पण त्याच्या पुढं म्हणून जायचा नाही. पडद्यावरचा बाण हलत नाही, कळा बडवल्या तरी दाद नाही, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा आहे तिथंच. त्यापेक्षा रुसलेला जावई परवडला, त्याची निदान समजूत तरी घालता येते. एरवी बिचारा गुणाचा हो. चार महिने रय्यानं त्याच्यावर दोन बोटांनी एकतीस पानं टाईप केली, तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नाही. तपासणीचं नाव काढलं की मात्र त्याच्या पोटात गोळा यायचा.

आणि आज गुरुवार उजाडला होता. दुपारी बाराच्या आत प्रकल्पाची ती एकतीस पानं प्रौढ शाळेच्या बाईंच्या टेबलावर पोचली नाहीत, तर रय्याचं बारावीचं वर्ष गेलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी वर्ष जाणं म्हणजे काय, ते वर्गातल्या तरण्या सुनांना नाही कळायचं. त्यांच्याजवळ वर्षं पडलीत ढिगानं.

पानं पेनड्राइव्हवर द्यायची होती, आणि तिथंच घोडं अडलं होतं. गेल्या साली कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून रोग शिरला नि शाळेतले वीसच्या वीस कॉम्प्युटर आडवे झाले. तेव्हापासून बाईंनी नियमच केला. ज्या कॉम्प्युटरवर लिहिलंत तो सगळा तपासायचा, ‘तपासणी पूर्ण’ असं पडद्यावर आलं की त्याचा फोटो काढायचा, आणि आधी फोटो, मग पेनड्राइव्ह. बाई रय्याच्या मुलीच्या वयाच्या, पण नियमाला एकदम दगड.

“नासरला सांग त्याच्या मशीनचा फोटो पाठवायला,” झहरान दारातून म्हणाला. झहरान म्हणजे रय्याचा नवरा, तीस वर्षं पाण्याचा टँकर चालवून निवृत्त झालेला. नासर त्यांचा थोरला, मस्कतला नोकरीला; त्याच्यावरूनच झहरान अबू नासर, म्हणजे नासरचा बाप. “पडदे सगळे सारखेच दिसतात. बाईंना काय कळतंय?”

“खोटा फोटो दाखवून पास व्हायचं असतं तर चार महिने डोळे कशाला फोडले असते, अबू नासर?”

“मी आपलं सांगितलं. दात पडायच्या वेळी दात यायला लागले की असंच व्हायचं.”

हे त्याचं नेहमीचं. तीन वर्षांपूर्वी ती संध्याकाळच्या शाळेत जायला लागली, तेव्हा त्यानं नको म्हटलं नव्हतं. पण ‘शीक’ असा एक शब्दही त्याच्या तोंडातून कधी पडला नव्हता. टोमणे मात्र रोज ताजे. रय्या हसण्यावारी न्यायची, पण ते तिला लागायचं, चांगलंच लागायचं.

साडेनऊला बद्रिया आली. बहलाच्या बाजारात मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी ही पोरगी. बायकाच असलेल्या घरातही तिला बेधडक जाता येतं, त्यामुळं अर्ध्या गावाची मशीनं तिच्याच हातची. रविवारी ती येऊन गेली होती. जुना अँटिव्हायरस काढला, नवा घातला, आणि “झालं खाला, आता निर्धास्त राहा” असं छातीठोकपणे सांगून गेली होती. त्यामुळं आज तिचं तोंड जरा उतरलेलंच होतं.

“आधी कहवा,” रय्या म्हणाली.

“खाला, वेळ नाहीये.”

“कहवा घेतल्याशिवाय काम सुरू केलेलं मशीन कधी बरं झालंय का?”

बद्रियानं खजूर तोंडात टाकला, एक पेला कसाबसा घशाखाली उतरवला आणि बास म्हणून लगेच पेला हलवला. एकाच पेल्यावर पाहुणी उठतेय हे रय्याला रुचलं नाही, पण घड्याळ बघून तिनं ते गिळलं.

बद्रियानं पुन्हा तपासणी लावली आणि या खेपेला कागदावर लिहीत बसली, किती मिनिटं झाली, कुठल्या फाईलवर आहे. बाराव्या मिनिटाला मशीन थिजलं. तिनं बंद करून चालू केलं, पुन्हा लावलं. आता नवव्याच मिनिटाला.

“दर वेळी फाईल वेगळी आहे,” ती पुटपुटली. “म्हणजे फाईल खराब नाही आणि डिस्कही खराब नाही. व्हायरस तर मला कुठंच दिसत नाही. आणि दुसऱ्यांदा आधीच अडलं. हे काहीतरी तिसरंच आहे.”

“नजर आहे,” रय्या ठामपणे म्हणाली. “शेजारच्या मौझानं परवा येऊन बघितलं, ‘एकतीस पानं?’ म्हणाली. माशाअल्लाह म्हणाली नाही. थांब जरा.”

ती आत गेली आणि मातीच्या धूपदाणीत निखारे घालून घेऊन आली. वर तिनं स्वतःच्या हातानं केलेला बखूर टाकला, ऊद, चंदन, गुलाबपाणी, साखर, आणि कुणाला सांगत नाही असं आणखी काहीतरी. या घरात जे जे म्हणून मोलाचं, त्याला धुरी मिळायची. नवजात बाळाला, नव्या नवरीला, ईदच्या कपड्यांना, निघालेल्या पाहुण्याला. मग कॉम्प्युटरनंच काय घोडं मारलं होतं? दर गुरुवारी ती त्याला अशीच धुरी द्यायची. तिनं धूपदाणी कॉम्प्युटरच्या पेटीपुढं धरली आणि ओठातल्या ओठात दुवा म्हणायला लागली.

बद्रिया काही बोलायला गेली आणि थांबली. धूर जाळीला लागून वर चढत होता, थोडासा आत शिरत होता. ती उठली, पेटीच्या मागं गेली, वाकली. मागच्या बाजूनं एक झुळूकसुद्धा बाहेर येत नव्हती. पंख्याच्या तोंडाशी तिनं हात धरला, मग पेटीवर हात ठेवला आणि चटकन उचलला.

“खाला, याला श्वास घेता येत नाहीये.”

तिनं वायर काढली, चार स्क्रू सोडवले, पेटीची बाजू उघडली. खोलीभर असा वास सुटला की एखाद्या लग्नघराची कोठी उघडावी. आत पंख्याच्या पात्यांवर काळपट तपकिरी चिकटा बसलेला, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा चिकटा. पंख्याखालच्या पत्र्याच्या फटी तर खरवसासारख्या भरून थिजलेल्या.

“हा तुमचा बखूर,” बद्रिया हळूच म्हणाली. “नुसतं लिहिताना मशीनला फार दमावं लागत नाही. तपासणी म्हणजे सगळ्या घराची एका दमात झाडलोट. मग ते तापतं, वारा मिळत नाही, आणि जळण्यापेक्षा गप्प बसतं.”

रय्यानं धूपदाणी पेटीपासून लांब सरकवली. चार महिने ज्याला जपलं, त्याचा गळा आपणच आवळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलंही नाही.

“पण मी दर गुरुवारीच देते गं. चिमूटभर.”

“चिमूटभरानं एवढं नाही होत,” बद्रिया म्हणाली. तिनं ब्रशनं पंख्यावरचा एक पोपडा काढून बोटांत चुरला. “हे रोजचं आहे. रोजचं आणि भरपूर.”

रय्यानं तिचा हात ओढून नाकाशी नेला. चाळीस वर्षं बखूर करणाऱ्या बाईचं नाक ते. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

“हा माझा नाही,” ती म्हणाली. “हा नुसता लोबान आहे. लिंबाचा वास आहे त्याला. हा सलालाचा उंची लोबान.”

असा लोबान त्या घरात एकाच डब्यात होता. पोटासाठी म्हणून त्यातला एक खडा रोज रात्री पाण्यात भिजायचा आणि सकाळी झहरान ते पाणी प्यायचा. डब्याला नातवंडांनी हात लावलेलाही त्याला खपायचा नाही. रय्यानं दाराकडं बघितलं. झहरान चपलांमध्ये काहीतरी शोधत होता.

“अबू नासर.”

“काय?”

“मी शाळेत गेल्यावर तुम्ही काय करता?”

“काय करणार? बसतो.”

“कशापाशी बसता?”

बद्रियानं मान खाली घालून पंखा पुसायला घेतला. पण खोली एवढीशी, कान मिटायचे कसे? झहरान आत आला, भिंतीला टेकून खाली बसला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवायला लागला.

“तू नववीत होतीस,” तो म्हणाला. “आईनं म्हटलं, सुनेनं शाळेत जायचं नाही. मी एका शब्दानं बोललो नाही. तुझी वह्यांची पिशवी मीच नेऊन शाळेत परत दिली. मास्तरांनी विचारलं, हुशार आहे, का काढता? तेव्हाही बोललो नाही. आता तू परत बसलीस, रोज बघतोय. वाटलं, हे मशीन बंद पडलं तर तुझी शाळा पुन्हा सुटायची. म्हणून तू गेलीस की लोबान जाळायचो. रोज. मोठा खडा घालायचो, कंजुषी नाही केली.” त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. “आणि आज बघतो तर या खेपेलाही मीच आडवा आलो.”

रय्याला हसूही येत होतं आणि रडूही, आणि तिनं दोन्ही थोडं थोडं उरकून घेतलं. तीन वर्षं ज्या एका शब्दासाठी ती झुरत होती, तो हा माणूस रोज संध्याकाळी निखाऱ्यावर टाकत बसला होता. सांगायचं तर नाही, वर टोमणे मारायचे. असल्या नवऱ्याचं काय लोणचं घालायचंय?

“पावणेअकरा झाले, खाला,” बद्रिया म्हणाली. पत्र्याच्या फटी तिनं स्पिरिटनं धुऊन लख्ख केल्या होत्या, खालचा उष्णता ओढून घेणारा लेपही नवा लावला होता. “हे झालं. पण पंखा चिकटून बसलाय, फिरतोय तो नावापुरता. नवा दुकानात आहे, जाऊन येईपर्यंत बारा वाजतील. पेटी उघडी ठेवून तपासणी लावू. बाहेरून सतत वारा मिळाला तर निभेल. घरातला पंखा कुठंय?”

घरातला पंखा छताला होता आणि तो खाली यायला तयार नव्हता.

झहरान उठला. खुंटीवरचा झावळ्यांचा विंझणा काढला, त्यावरची धूळ झटकली आणि उघड्या पेटीपाशी मांडी घालून बसला. “लाव,” तो म्हणाला.

बद्रियानं तपासणी लावली. झहरान वारा घालायला लागला, टँकर चालवायचा तसाच, घाई न करता, एका लयीत. दहा मिनिटं झाली. अकरा झाली. बाराव्या मिनिटाला तिघांनीही श्वास रोखला आणि विंझणा तेवढा हलत राहिला. आकडा तेरावर गेला. मग पंधरावर.

“हात भरून आला असेल, द्या इकडं,” रय्या विसाव्या मिनिटाला म्हणाली.

“तू बस.”

पस्तिसाव्या मिनिटाला त्यानं हात बदलला. “काय लिहिलंयस एवढं एकतीस पानं?” त्यानं पडद्याकडं बघतच विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

“आपल्या फलजच्या पाटाच्या काठावर बायकांची धुण्याची जागा आहे ना, तिच्यावर. कुठल्या दगडावर कोण बसायची, कुणाच्या सुनेला कुठं जागा मिळायची, पाणी कमी झालं की कुणी कुणाला पुढं घ्यायचं. पुरुषांच्या पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवलेल्या आहेत. हे कुणी लिहिलं नव्हतं.”

“तुझा दगड आहे त्यात?”

“आहे. नवव्या पानावर. पिशवी गेली त्या आठवड्यात मी तिथं पहिल्यांदा धुणं घेऊन गेले, ते सगळं आहे.”

झहरानचा हात क्षणभर थांबला, आणि बद्रिया ओरडायच्या आत पुन्हा चालू झाला. “माझं नाव घातलंयस?”

“नाही.”

“घालायला हवं होतंस,” तो म्हणाला.

अकरा पस्तीसला पडद्यावर हिरवी खूण आली. तपासणी पूर्ण, एकही व्हायरस नाही. बद्रियानं रय्याच्या मोबाईलवर फोटो काढला, पानं पेनड्राइव्हवर उतरवून तो तिच्या मुठीत दिला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. झहरान अजून वारा घालतच होता.

“अबू नासर, झालं. ठेवा तो.”

“निवू दे जरा. तापलाय.”

रय्या त्याच्यासमोर येऊन बसली. दमलेला, घामानं निथळलेला, साठी उलटलेला तिचा म्हातारा. तिनं विंझणा त्याच्या हातातून काढून घेतला आणि एकदोन झोत त्याच्याच तोंडावर घातले.

“चव्वेचाळीस वर्षं मी तुम्हाला त्या पिशवीची माफी दिली नव्हती,” ती म्हणाली. “पाच पोरं झाली, सुना आल्या, पण नव्हती दिली. तुम्हाला कधी कळू दिलं नाही, एवढंच.”

“कळत होतं,” झहरान म्हणाला.

“आज दिली.”

त्यानं मान हलवली. टोपी डोक्यावर घातली आणि उगाचच सारखी केली. बद्रिया झोपेचं सोंग घेऊन पडली होती आणि तिच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या.

“आता गाडी काढा,” रय्या म्हणाली. “वीस मिनिटं उरलीत, आणि तुमचा टँकर तर कधी साठच्या वर गेला नाही.”