स्तंभाची दर्शनी बाजू

वात पुन्हा तेलात बुडाली. राजेश्वरीने ती चिमटीत धरून पणतीच्या काठावर आणली, तेलाची बोटं पदराला पुसली – आणि मग आठवलं, ही लेकाच्या, शिवतेजच्या पहिल्या पगाराची साडी.

लढाई लागली की या गावच्या बायका दिवेलागणीला वेशीवरच्या स्तंभापाशी जातात, दर्शनी बाजूवर रंगवलेल्या, फौजेतल्या आपल्या माणसाच्या नावाखाली पणती ठेवतात, तो सुखरूप येईपर्यंत रोज. कारगिलच्या वेळी तिनेही नवऱ्याच्या, हंबीररावांच्या नावाखाली ठेवली होती, आणि ते आले, पेन्शनीत निघाले, रंगाने लिहिलेलं नाव रीतीप्रमाणे पुसलं गेलं... पण ही लढाई गावाची नव्हती. आखातातली, अमेरिकेची. शिवतेज तिकडे शिकायला गेला, नागरिकत्व लवकर मिळतं म्हणून तिथल्याच फौजेत भरती झाला, आणि आता तिकडेच कुठेतरी तंबूत होता.

सकाळी तिने सरपंचांना, आप्पासोंना, घरी बोलावून सांगितलं होतं, पोराचं नाव लिहा.

“वयनी, पोरगं आपलंच हाय, पर पलटण आपली न्हाई,” तिच्याच घरचा चहा बशीत ओतत ते म्हणाले. “परक्या वर्दीचं नाव कसं लिवायचं?”

हंबीरराव तेव्हा खाली बघत बसले होते. जन्मभर हुकूम मानलेला माणूस, सरपंचाचाही मानला.

दुपारी लेकीने, पल्लवीने, मोबाइलवर तिकडच्या अध्यक्षांचं भाषण लावलं आणि मराठीत सांगत राहिली – लढाई आपण जिंकतोच आहोत, गरज पडली तर आणखी सैन्य पाठवू... आणि त्याच दमात अंडी स्वस्त करू, बाहेरच्या मालावर कर लावू, बंद कारखाने उघडू. समोरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. राजेश्वरी कान देऊन बसली होती. अंड्यांचं आलं, करांचं आलं, आता पोरांचं येईल, ती परत कधी येणार ते... भाषण संपलं. यात माझा शिवा कुठे आहे? आणि तेवढ्यात सांगलीहून, विश्रामबागेतून, धाकट्या भावाचा, हळद परदेशी पाठवणाऱ्या वीरधवलचा फोन: “ताई, ऐकलंस का? आपली हळद गेली गं या करात!” ती नुसती हं म्हणाली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, त्याची हळद होती, त्याचंही खरंच होतं. तरी फोन ठेवल्यावर तिला रडू आलं.

आणि आता ही पणती. स्तंभापाशी कुणी नव्हतं. हंबीररावांच्या जागी दुसऱ्याच कुणाच्या पोराचं नाव होतं, ताजं, चकचकीत. दुसऱ्याच्या नावाखाली आपला दिवा कसा ठेवायचा? ती पणती हातात घेऊन उभीच राहिली, चटका बसेपर्यंत.

“राजाक्का?”

स्तंभाच्या मागून चंद्राबाई डोकावली. पासष्टच्या लढाईत नवरा गेला, तेव्हापासून रोज येते. मागच्या बाजूची, न परतलेल्यांची नावं रंगाची नाहीत, दगडात कोरलेली आहेत, ती पुसत नाहीत.

“हिकडं ये गं. त्येंनी जागा दिली न्हाई म्हनून काय झालं? माज्या मालकांच्या शेजारी ठेव. लय जागा हाय हितं.”

किती मायेने बोलली म्हातारी. राजेश्वरी दोन पावलं गेलीसुद्धा... आणि तिला ती जागा दिसली. गुळगुळीत, कोरी, एका नावापुरती.

तिने पणतीवर पदर धरला. सकाळपासून दगडावर एक नाव मागत होते मी... नको. इथे नको, तिकडेही नको, कुठल्याच दगडावर नको.

“ये की गं,” चंद्राबाई म्हणाली आणि आपली पणती जराशी बाजूला सरकवू लागली.