बिनआवाजाचा सिनेमा

रातपाळी संपवून चांगुणा दवाखान्यातून घरी आली, तेव्हा धाकटी बहीण सपना इस्त्रीची साडी नेसून दारातच बसलेली. हिंगोलीच्या समाजमंदिरात कॉलेजातले रत्नपाल सर दुपारी जुना सिनेमा दाखवणार होते. दोन हजार चारचा उन्हाळा होता, आणि चांगुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

लहानपणीच्या तापात सपनाचे कान गेले. शाळा तिच्या वाट्याला आलीच नाही. टीव्हीवर काही लागलं की ती चांगुणाला हलवून खुणेनं विचारायची, हा काय म्हणाला, ती काहून रडली? आई गेल्यापासून सगळं चांगुणानंच हातांनी सांगायचं.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर नदी, नावाडी, त्याची बायको.

"सर, आवाज येऊन न्हाई राहिला," मागून कुणीतरी म्हणालं.

"ह्याला आवाजच न्हाई. बोलपटाच्या आधीचा हाय. बघत राहा, समजते बराबर."

हळूहळू निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. चांगुणाला उठायचंही जिवावर आलं होतं. सपना काहीच विचारत नव्हती. त्या निवांतपणात चांगुणाचा डोळा कधी लागला, तिला कळलं नाही.

जाग आली ती सपनाच्या हसण्यानं. घशातून फुटणारं ते मोठं हसू चारचौघांत आलं की चांगुणा तिचा हात दाबायची. आज तिनं दाबला नाही.

दिवे लागल्यावर सर जवळ आले. "ताई, कसा वाटला?"

"मी तर झोपून गेले होते, सर. हिला विचारा."

सपनाचे हात भराभर चालले. चांगुणा बघत राहिली, मग म्हणाली, "नावाड्याची बायको म्हणजे गडी हाय म्हणते. घागर उचलताना मनगटं दिसली."

"व्हय," सर हसले. "तवा सिनेमात बायांचं काम बऱ्याचदा गडीच करायचे. बाकीचं समजलं का हिला?"

"समजलं म्हणते. आता तिनं मलाच सांगायचं राहिलं."

घरी येऊन चांगुणा चटईवर आडवी झाली. सपना समोर बसून सांगू लागली. नदीला पूर आला, नाव उलटली, बायको काठाकाठानं हाका मारत हिंडली. सपनाला घाई नव्हती. एकेक गोष्ट ती सावकाश, स्पष्ट करून दाखवत होती.

शेवट यायच्या आधीच चांगुणाचे डोळे मिटले. सपनानं तिच्या अंगावर चादर टाकली आणि भाकरी थापायला बसली.